तिसऱ्या गाण्यातली झांज

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीच्या रविवारी दुपारी माझ्या मित्राने आपल्या साउंड सिस्टिममधल्या सगळ्या हॉर्नचे डायफ्रॅम बदलले. त्यांतला एकही खराब नव्हता.

डायफ्रॅम म्हणजे हॉर्नच्या आत बसणारी पातळ चकती. खालचा, घुमणारा आवाज बेसचे मोठे खोके काढतात. वरचा, बारीक, धारेचा आवाज ही चकती काढते. ती जळाली की गाणे गोधडीखालून आल्यासारखे वाटते. मित्राचा हा धंदा जुना आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला त्याचे पत्र्याचे गोदाम आहे, एक टेम्पो आहे, दोन कामगार आहेत. मंडळांचे गणपती, लग्नाच्या वराती, निवडणुकीच्या सभा असे त्याचे वर्ष जाते. मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक आहे. आम्ही शाळेपासूनचे मित्र. हंगामाआधी तो सगळी सिस्टिम एकदा गोदामात जोडून तपासतो, आणि त्या दिवशी मी तिथे असतो. साउंडसाठी नव्हे. तपासताना तो जो अल्बम लावतो, तो ऐकायला.

सत्तरच्या दशकातला, एका इंग्रजी बँडचा अल्बम. चौघे जण: गायक, गिटार, बेस, ड्रम. आम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना मित्राने उद्यमनगरात, वडिलांच्या लेथच्या शेडमध्ये, स्वतःच्या हाताने एक स्पीकर बनवला. सुताराकडून प्लायवूड कापून आणले, आत जुन्या गादीचा कापूस भरला. तो तपासायला त्याला काहीतरी हवे होते. तेव्हा स्टेशनजवळ एक दुकान रिकाम्या कॅसेटवर सांगाल ती गाणी भरून देत असे.

"स्पीकर फाडंल असं कायतरी भरा," मित्राने सांगितले.

"हिंदी का मराठी?"

"कुठलंबी. फाडाय पायजे."

मिळालेल्या कॅसेटवर नाव नव्हते. मित्राच्या बहिणीने तिच्यावर पेनने लिहिले: 'इंग्रजी, मोठा आवाज'. बँडचे आणि अल्बमचे खरे नाव आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. तोवर 'मोठा आवाज' हेच नाव पडले होते. आमच्यापुरते ते अजून तेच आहे.

स्पीकर फाटला नाही. लेथ बंद असतील त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही शेडमध्ये बसून ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावू लागलो. पहिल्या गाण्याआधी गिटारची पिन अँप्लिफायरमध्ये घातल्याचा खट्ट आवाज येतो, मग घरघर येते. ती कुणी कापून टाकलेली नाही. मित्राला गाण्याच्याही आधी ती घरघर आवडली. "हे आपल्यातलंच हाईत," तो म्हणाला. "अर्थिंग न्हाय ह्यांच्यात बी, म्हणून घरघरतंय."

इंग्रजी मला थोडे बरे येत होते. दुसऱ्या गाण्यात गायक नक्की कशावर एवढा चिडला आहे, असे त्याने एकदा विचारले. मी नीट ऐकून सांगितले की त्याची गाडी चुकली आहे, आणि त्याची मैत्रीण ज्या गाडीत बसली होती तीच ही गाडी.

"म्हंजे एवढा आरडाओरडा गाडी चुकली म्हणून?"

"पुढची सकाळी आहे."

"मर्दा, आमच्यात मलकापूरची यष्टी चुकली तर माणूस सडकंवर बसून तंबाखू मळतंय."

हार्ड रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असे न ऐकणाऱ्याला वाटते. या अल्बमची ताकद तो कुठे गप्प बसतो यात आहे. गायक पहिले गाणे जवळजवळ बोलून काढतो. त्याचा खरा आवाज केवढा आहे हे दुसऱ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कळते, आणि कळेपर्यंत गाणे संपलेले असते. बेस वाजवणारा कुठेही पुढे येत नाही, पण एका गाण्यात तो दोन ओळी थांबतो तेव्हा सगळी इमारत खचल्यासारखी वाटते. गिटारवाला एकच सुरावट तीन गाण्यांत तीन वेगांनी वाजवतो; ती तीच आहे हे आमच्या एक पावसाळा गेल्यावर लक्षात आले. शेवटचे गाणे आमच्या कॅसेटवर मध्येच तुटत असे, कारण फीत संपायची. मूळ अल्बम हाती आला तेव्हा ते पुढे किती आहे हे आम्ही मोठ्या उत्सुकतेने ऐकले. थोडेच होते, आणि तेही मध्येच तुटत होते.

तिसरे गाणे सगळ्यात लांब. त्याच्या मध्यावर गिटार, बेस, गायक सगळे थांबतात. फक्त ड्रमवाला राहतो, आणि तोही ड्रम वाजवत नाही. टांगलेल्या एकाच झांजेच्या मधल्या फुगवट्यावर तो काठीचे टोक टेकवत राहतो. टिंग. टिंग. टिंग. एवढ्या गदारोळानंतर एवढेच. गिटार कधी परत येणार हे माहीत असूनही दर वेळी वाटते की या वेळी येणार नाही. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मित्र उठून उभा राहिला होता. तो लहानपणी गल्लीच्या झांजपथकात होता. तिथे चाळीस जण एका दमात वाजवायचे. "ही एकटीच हाय," तो म्हणाला.

पुढे त्याने साउंडचा धंदा काढला आणि हाच अल्बम त्याचे मोजमाप झाला. पहिल्या गाण्याच्या घरघरीवर तो वायरिंग पाहतो, दुसऱ्यावर बेसचे खोके, तिसऱ्यातल्या झांजेवर हॉर्न. तपासणी तो कायम हळू आवाजात करतो. मोठ्या आवाजात सगळेच चांगले वाटते, असे त्याचे म्हणणे. मिक्सरवर वरच्या आवाजाचा एक हिरवा दिवा आहे. आवाज मिक्सरमधून बाहेर पडला की तो लुकलुकतो. दिवा लागतो आणि हॉर्न वाजत नाही, म्हणजे हॉर्नमध्ये दोष. हा त्याच्या धंद्यातला सरळ नियम आहे आणि त्यात चूक नाही.

त्या रविवारी तिसरे गाणे मध्यावर आले. सगळे थांबले. हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"गेलं," मित्र म्हणाला. "हॉर्न गेलं."

झांज मला स्वच्छ ऐकू येत होती. पण साउंडच्या बाबतीत त्याच्या कानापुढे माझा कान मी कधी धरला नव्हता. मला वाटले, झांजेत त्याला आणखी काही ऐकू यायला हवे आहे, जे मला कधीच आले नसेल. कामगारांनी स्क्रू काढायला घेतले. त्यांतल्या थोरल्याला मी नंतर विचारले, तुला ऐकू येत होते का? तो म्हणाला, "येत हुतं की. पण मालक म्हणालं गेलंय, म्हंजे गेलंय."

लक्ष्मीपुरीतल्या दुकानातून नवे डायफ्रॅम आले, बसवले गेले. गाणे पुन्हा लावले. सगळे थांबले, दिवा लुकलुकू लागला. मित्र हॉर्नसमोर गेला, कान जाळीला लावला, मागे आला.

"डुप्लिकेट माल दिला भडव्यानं," तो म्हणाला. "मंगळवारी जातो आणि दुकानात त्याच्या तोंडावर टाकतो सगळं. गिऱ्हाइकं उभी असतील तवाच जातो."

तेव्हा मला कळले. कामगार एकमेकांकडे पाहत होते. मी चहा संपवला आणि घरी आलो.

रविवारची संध्याकाळ आणि सोमवार मी एका जागी बसलो नाही. ऑफिसात मथळे लावताना खुर्चीतून दोनदा उठून जिन्यात गेलो. रंकाळ्यावर हेडफोन लावून चालत राहिलो आणि चालताना फक्त तिसरे गाणे लावत राहिलो. झांज येत होती. मग वाटले, आपल्याला ती आठवत असेल, ऐकू येत नसेल. मोबाइलवर कान तपासायचे एक ॲप उतरवले. घरातला पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, बायकोला स्वयंपाकघराचे दार लावायला सांगितले. बारीक शिट्ट्या एकेक करून वर चढत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. त्या माझ्यासाठी थांबल्या की ॲपच थांबले, हे समजले नाही. मी पुन्हा केले. पुन्हा तिथेच थांबल्या.

दरम्यान मागच्या गोष्टी आपोआप क्रमाने लागत गेल्या. मित्र फोन स्पीकरवर टाकून बोलतो. गेल्या दिवाळीत माझ्या नातीचे बोबडे बोलणे त्याला कळत नव्हते आणि तो नुसता हसत होता. हाक मारली तर वळत नाही. घरचे म्हणतात, धंद्याचं डोकं. बोलतो तर चौकाच्या पलीकडे ऐकू जाईल असे. पण कोल्हापुरात कुणी मोठ्याने बोलतो म्हणून त्याच्या कानाची शंका कुणी घेत नाही. इथे कान शाबूत असलेली माणसेही तशीच बोलतात. घरच्या-दारच्या पंचवीस माणसांनी रोज पाहिले आणि एकालाही काही वेगळे दिसले नाही.

सोमवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी फोन केला. वहिनींनी उचलला.

"भावजी, टीव्हीचा आवाज ऐकू येतोय न्हवं तुम्हाला तिकडं? आम्ही बातम्या सगळ्या गल्लीला फुकट देतोय." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मला वाटतं, हे माझ्यावर रागावल्यात. चार हाका मारल्या तर एका हाकेला ओ."

"किती दिवस?"

"वरीस झालं की."

मंगळवारी सकाळी तो निघायच्या आत मी गोदामात पोहोचलो. नवे डायफ्रॅम पोत्यात भरून टेम्पोत ठेवलेले होते. मी त्याला सांगितले की हॉर्न वाजत आहेत. जुनेही वाजत होते, नवेही वाजत आहेत.

"तू पेपरवाला. तुला काय कळतंय?"

"झांज ऐकू येते मला."

"तुला आठवतीय. ऐकू येत न्हाय. तुला अख्खी कॅसेट पाठ हाय."

हीच शंका मला रंकाळ्यावर आली होती. मी म्हणालो, तपासून बघ. त्याने टेम्पोचा फाळका पाडला. मग म्हणाला, "चल."

तपासणी त्यानेच ठरवली, आणि ती त्याच्यासारखीच नेमकी होती. पोते उतरवून एक डायफ्रॅम एका हॉर्नमध्ये परत बसवला. मला त्याने गोदामाच्या दारात, मिक्सरकडे पाठ करून उभे केले, म्हणजे हिरवा दिवा मला दिसणार नाही. गाणे सुरुवातीपासून लावायचे नाही. मधूनच, त्याला वाटेल तिथून. आणि झांजेचा मधला मधला भाग तो स्वतःच्या हाताने बंद-चालू करणार, म्हणजे पाठ असण्याचा उपयोग नाही. ऐकू आली की मी उजवे बोट वर करायचे, नाही आली की खाली.

मी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. समोरून रिकामी बैलगाडी गेली, दोन दुचाक्या गेल्या. टिंग. बोट वर. टिंग. वर. मग काही नाही. बोट खाली. बराच वेळ काही नाही. टिंग. वर. पुन्हा काही नाही. हे किती चालले ते मी मोजले नाही. हाताला रग लागली तेव्हा मी वळून पाहिले. तो मिक्सरसमोर स्टुलावर बसला होता. हिरवा दिवा लुकलुकत होता, झांज वाजत होती, आणि तो दिव्याकडे बघत होता.

"परत्येक वेळी," तो म्हणाला. "परत्येक वेळी तुझं बोट आणि लाइट एकदमच."

त्याने मिक्सर बंद केला. दुकानदाराकडे जायचे नाही, एवढे कामगारांना सांगितले.

"गावात कळलं तर संपलं," तो मला म्हणाला. "बहिऱ्याचा साउंड कोण घ्यायचं?"

मी म्हणालो, आधी डॉक्टरकडे जाऊ.

"डॉक्टर काय करणार? नवीन डायफ्रॅम टाकणार?"

बुधवारी आम्ही गेलो. वहिनी बरोबर होत्या. कानाच्या डॉक्टर तरुण होत्या. त्याला काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि कागदावर आलेख काढून आणला. डावीकडे, घुमणाऱ्या आवाजांपाशी, रेघ सरळ होती; मध्यापासून उजवीकडे, बारीक आवाजांकडे, ती उतरत खाली गेली होती. मित्राने कागद हातात धरून पाहिला.

"हा आपला इक्वलायझरच की. उजवीकडची बटनं सगळी खाली."

"हो काका," डॉक्टर म्हणाल्या. "पण ही परत वर करता येत नाहीत. आहे ते सांभाळायचं."

कारण काय, असे वहिनींनी विचारले. डॉक्टरांनी विचारले, काम काय करता? मित्राने सांगितले. त्याआधी? वडिलांच्या शेडमध्ये लेथ आणि ग्राइंडर. डॉक्टरांनी दोन्ही कागदावर लिहून घेतले.

कानामागे लावायची यंत्रे त्यांनी तिथेच लावून दाखवली. खोलीतला पंखा ऐकून तो दचकला. बाहेर कुणीतरी चप्पल ओढत गेले तर तो दाराकडे पाहू लागला. मग मला म्हणाला, "लाव."

मी मोबाइलवर तिसरे गाणे लावले. मध्य आला, सगळे थांबले. त्याने मान खाली घातली आणि ऐकले. गिटार परत आल्यावर त्याने मान वर केली.

"कायतरी वाजतंय," तो म्हणाला. "पत्र्याच्या डब्यात खिळा हलवल्यागत. ही ती न्हाय."

"सवय लागेल हळूहळू," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूला वेळ लागतो."

"ही ती न्हाय," तो पुन्हा म्हणाला.

"झांज राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मी मारलेली हाक ऐकू आली तरी मला पुरे."

त्या खुर्चीच्या मागे उभ्या होत्या आणि हळू बोलल्या होत्या. तो मागे वळला. यंत्रे घेतली.

शुक्रवारी दुपारी मंडळाच्या गल्लीत सिस्टिम लावली गेली. जाताना टेम्पोत आम्ही ठरवले होते: मी रस्त्याच्या पलीकडे, वडापावच्या गाडीजवळ, सहज उभा असल्यासारखे उभे राहायचे आणि बोट वर करायचे. तो माझ्याकडे पाहून लावणार. कुणाला काही कळणार नाही. मला ते अवघड वाटत होते. तेव्हापासून माझे बोट आपोआप वर जात होते.

खोके रचून झाले. मंडळाचे अध्यक्ष आले, कार्यकर्ते आले, आवाजाच्या मर्यादेचे काय, पोलीस मीटर घेऊन कुठे उभे राहणार, अशी बोलणी झाली. मित्राने मिक्सर सुरू केला आणि मग हात मागे घेतला.

"अध्यक्ष, एक सांगतो," तो म्हणाला. गल्लीला ऐकू जाईल अशाच आवाजात. "मला वरचा बारीक आवाज आता ऐकू येत न्हाय. डॉक्टरनं लिहून दिलंय. हा माझा दोस्त ऐकतो, मी लावतो. चालत असंल तर सांगा, न्हायतर आत्ताच उतरवतो."

वडापावच्या गाडीवरच्या माणसाने झारा तेलात तसाच धरला. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"बेस ऐकू येतोय न्हवं?" एका कार्यकर्त्याने विचारले.

"बेस तुझ्या आज्ज्याला बी ऐकू यील, फोटोतनं."

"मग काय राहिलं?"

"विसर्जन झाल्यावर आठ दिस आम्हाला तरी कुठं काय ऐकू येतंय?" अध्यक्ष म्हणाले. "लावा की. चहा सांगा रे ह्यांना."

मित्राने दोन्ही कानांमागची यंत्रे काढली, शर्टच्या खिशात ठेवली आणि खिशाचे बटण लावले. मला त्याने हात करून रस्त्याच्या अलीकडे बोलावले आणि मिक्सरपासून दहा-बारा पावलांवर, सगळ्यांसमोर उभे केले. मग अल्बम पहिल्यापासून लावला, हळू आवाजात. खट्ट झाले, घरघर आली. "अर्थिंग बघा," एक पोरगेलासा कार्यकर्ता म्हणाला. मित्राला ते ऐकू आले नाही. ओठ वाचून तो हसला. दुसऱ्या गाण्यावर त्याने बेसच्या खोक्यावर तळहात ठेवला, दोन बटणे फिरवली.

तिसरे गाणे मध्यावर आले. गायक थांबला, गिटार थांबली, बेस थांबला. हिरवा दिवा लुकलुकू लागला. मित्र दिव्याकडे बघत नव्हता. मी बोट वर केले. त्याने वरच्या आवाजाचे बटण थोडे वर सरकवले आणि माझ्याकडे पाहिले. मी अंगठ्याने खाली दाखवले. त्याने ते किंचित मागे घेतले. मी मान हलवली. त्याने बटणावरचा हात काढला आणि तो झांज संपेपर्यंत माझ्या बोटाकडे पाहत उभा राहिला.

गिटार परत आली तेव्हा मी बोट खाली घेतले.